बिल थकलंय, प्रीपेमेंट मीटरला हो म्हणू का? (इंग्लंड)

तुळशीवृंदावन

नमस्कार. आम्ही लेस्टरजवळ भाड्याच्या घरात राहतो. नवऱ्याचं आधीचं काम गेलं, दुसरं मिळालंय, पण पगार बराच कमी. गॅस आणि वीज मिळून ७०० पौंडांच्या आसपास थकलेत. कंपनीची पत्रं येत होती, आता फोन आला. चालू बिल अधिक महिन्याला १२० पौंडांचा हप्ता भरा, नाहीतर मीटर प्रीपेमेंटवर टाकतो, असं म्हणाले. मीटर स्मार्ट आहे, त्यामुळे कुणी घरी यायचीही गरज नाही, तिकडूनच बदलतात.

मुलगी सव्वा वर्षाची आहे. स्किल्ड वर्कर व्हिसा आहे, सरकारी भत्ते मिळत नाहीत. जेवढं भरू तेवढं वापरू, हे ऐकायला बरं वाटतं. पण ऐन थंडीत पैसे संपले आणि हीटिंग बंद पडलं तर लेकराचं काय, या विचाराने झोप उडालीय. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. कुणी वापरलंय का? प्लीज सांगा.

सह्यकडा

ताई, शुक्रवारी फोनवर हो म्हणू नका. मी इथल्या एका कर्ज-सल्ला केंद्रात स्वयंसेवक आहे, अशी प्रकरणं दर आठवड्याला येतात.

१२० चा आकडा दगडावरची रेघ नाही. ऑफजेम म्हणजे इथली गॅस-वीज नियामक संस्था; तिच्या नियमांप्रमाणे हप्ता ठरवताना तुमची ऐपत बघणं कंपनीला बंधनकारक आहे. आज रात्री कागदावर उत्पन्न आणि खर्च मांडा: भाडं, काउन्सिल टॅक्स, किराणा, डायपर, प्रवास, सगळं. खाली उरेल त्यातून जे खरोखर झेपेल तेच सांगा. २० निघत असतील तर २०. घाबरून ५० कबूल केले आणि दुसऱ्याच महिन्यात हप्ता चुकला, तर पुढचं बोलणं जास्त अवघड जातं.

दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं. घरात दोन वर्षांखालचं मूल असेल तर तुमच्या मर्जीविरुद्ध प्रीपेमेंट मीटर लावता येत नाही. लांबून स्मार्ट मीटर बदलणं, हेसुद्धा त्यात आलं. २०२३ च्या फेब्रुवारीत 'द टाइम्स'ने बातमी फोडली होती, वसुली एजंट अडचणीतल्या लोकांच्या घरात शिरून मीटर बसवतात म्हणून. त्यानंतर सक्तीने मीटर बसवणं थांबवलं गेलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून कडक नियम कंपन्यांच्या परवान्याच्या अटींत आले. ७५ च्या पुढचे, घरात आधाराला कुणी नसलेले वृद्ध, विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणांवर अवलंबून असलेले रुग्ण, यांनाही हेच संरक्षण आहे. बाकीच्यांच्या बाबतीतही आधी किमान १० वेळा संपर्काचा प्रयत्न करावा लागतो. पण ही मनाई सक्तीला आहे. तुम्ही स्वतः हो म्हणालात की तो तुमचा निर्णय धरला जातो. म्हणून म्हणतोय, घाई नको.

फोनवर पहिलं वाक्य हेच बोला: 'घरात दोन वर्षांखालचं मूल आहे, आमचं नाव प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरवर घाला.' हे रजिस्टर म्हणजे जास्त काळजी घ्यावी लागणाऱ्या ग्राहकांची कंपनीकडची यादी. मागाहून तेच ईमेलनेही कळवा.

मिल्टनकीन्सकर

मी दुसरी बाजू मांडतो. आमच्याकडे कित्येक वर्षं प्रीपेमेंट आहे आणि मला ते आवडतं. महिन्याच्या शेवटी अंगावर येणारं बिल नाही. ॲपवरून टॉप-अप करतो, किती उरलंय ते स्क्रीनवर दिसतं. पूर्वी प्रीपेमेंट महाग पडायचं, आता तसं नाही. ऑफजेमच्या दरमर्यादेत ते डायरेक्ट डेबिटपेक्षा (बँकेतून आपोआप कापल्या जाणाऱ्या बिलापेक्षा) थोडं खालीच आहे. बिल आल्यावर भरणाऱ्यांना सगळ्यात जास्त पडतं.

एक पथ्य मात्र पाळावंच लागतं. उन्हाळ्यातही दर आठवड्याला थोडे जास्त टाकत राहायचे. एक तर हीटिंग बंद असलं तरी गॅसचा स्टँडिंग चार्ज (वापर असो-नसो, लागणारा स्थिर आकार) रोज कापला जातो, आणि दुसरं म्हणजे डिसेंबर-जानेवारीत गॅस अक्षरशः पाण्यासारखा जातो. मीटरवर शिल्लक साठलेली असेल तर तेव्हा निभतं.

माईसाहेब

मिल्टनकीन्सकर, तुमचं पटतं, पण तुमच्यावर थकबाकी नव्हती. फरक तिथेच पडतो.

तुळशी, थकबाकीसकट प्रीपेमेंटवर गेलीस की ती मीटरमध्ये चढवतात आणि दर आठवड्याला त्यातून कापतात. समज, विजेची शिल्लक संपली आणि तू १० पौंड इमर्जन्सी क्रेडिट (मीटरवर मिळणारी तात्पुरती उधारी) वापरलंस. मग हातात पैसे आले, २० टाकलेस. त्यातले १० इमर्जन्सीचे गेले. आठवड्याचा थकबाकीचा हप्ता ५ धरला तर तो गेला. साठलेला स्टँडिंग चार्ज, आठवड्याचा जवळपास ४ पौंड. उरला एक पौंड! माझ्या बहिणीच्या घरी हे असंच चालायचं. नोटा भरायच्या आणि मीटर जिथल्या तिथे. मुलं अंथरुणात कोट घालून बसायची, आणि कंपनीला ते कळायचंही नाही, कारण कागदोपत्री कुणी वीज तोडलेलीच नसते.

हप्त्याची बोलणी फिसकटली आणि जायचंच ठरलं, तर आठवड्याची कपात किती ते आधी लेखी घे. कमी करून माग. रात्री आणि शनिवार-रविवारी शिल्लक संपली तरी पुरवठा चालू राहण्याची सोय असते, तिच्या वेळाही विचारून ठेव. आणि अडीअडचणीला कंपनीकडे जादा सपोर्ट क्रेडिट मागता येतं, पण ते उसनं असतं, नंतर फेडावं लागतं.

कोकणमेवा

आपल्याकडेही महाराष्ट्रात प्रीपेड स्मार्ट मीटरवरून केवढा विरोध झाला होता, शेवटी २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना ते लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. लोकांच्या मनातली भीती हीच होती, पैसे संपले की अंधार.

तुळशीवृंदावन

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन वर्षांखालच्या मुलाचा नियम मला माहीतच नव्हता, खूप धीर आला. आता तीन शंका. हप्ता कमी करून घेणं किंवा या रजिस्टरवर नाव घालणं याने व्हिसाला बाधा येईल का? बिलावर रीडिंगच्या पुढे 'अंदाजे' असं लिहिलंय, ते चालतं का? आणि कंपनीने ऐकलंच नाही तर?

सह्यकडा

व्हिसाची काळजी करू नका. हप्ते, इमर्जन्सी क्रेडिट, रजिस्टर हे सगळं कंपनी आणि ग्राहक यांच्यातलं आहे, तुमच्या व्हिसावर ज्याची मनाई आहे तो सरकारी निधी नव्हे. धर्मादाय संस्थांच्या इंधन व्हाउचरचंही तेच. युनिव्हर्सल क्रेडिटसारखे सरकारी भत्ते मात्र त्या निधीत मोडतात, आणि काउन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) कुठल्याही मदतीचा अर्ज करण्याआधी सल्लागाराला व्हिसाचा प्रकार सांगून विचारा.

अंदाजे रीडिंग असेल तर आजच मीटरचा फोटो काढून खरं रीडिंग पाठवा. स्मार्ट मीटरचा कंपनीशी संपर्क तुटला की अंदाजाने बिलं येतात, आणि ७०० चा आकडा त्यातच फुगलेला असू शकतो. शिवाय कंपनीच्या चुकीने बिल आलं नसेल तर १२ महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे मागता येत नाहीत. आधी रक्कम खरी करून घ्या, मग हप्त्याचं बोला.

ऐकलं नाही तर लेखी तक्रार करा, 'तक्रार' हा शब्द वापरून. ८ आठवड्यांत निकाल लागला नाही, किंवा त्यांनी त्याआधीच हात वर केले, तर एनर्जी ओम्बुड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि कंपनीतले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे, जाता येतं. फुकट आहे. दरम्यान सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा स्टेपचेंज या सल्ला देणाऱ्या धर्मादाय संस्थांना फोन करा, त्यांचाही पैसा लागत नाही. इतरही देणी थकली असतील तर ब्रीदिंग स्पेसबद्दल विचारा: इंग्लंड-वेल्समधली ही सरकारी योजना आहे, तिच्यात जुन्या थकबाकीची वसुली ६० दिवसांसाठी थांबते. त्या काळात चालू बिल मात्र भरत राहावं लागतं.

शुक्रवारच्या फोनला खर्चाचा कागद समोर ठेवा, आणि बोलणाऱ्याचं नाव व वेळ त्यावरच टिपून घ्या. हवं असेल तर आदल्या दिवशी मला इथे निरोप टाका, आकडे एकदा बरोबर बसून पाहू.