काचा धुवायच्या पाण्याला आरओ हवाच का?

नितळ
पोल-ब्रशने (लांब दांड्याच्या ब्रशने) काचा धुताना पाणी ब्रशमधूनच सोडतात आणि काच न पुसता तशीच वाळू देतात. या पद्धतीत सगळी मदार पाण्यावर. थेंबातलं पाणी उडून जातं, क्षार काचेवर राहतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) १० च्या आत असेल तर डाग सहसा दिसत नाहीत. गडद काचेला ५ च्या आत ठेवलेला बरा.

पुण्याच्या वाघोली-हिंजवडीसारख्या भागात काम टँकरच्या नाहीतर बोअरच्या पाण्यावर चालतं. बोअरला ८०० टीडीएस लागला तर नवल नाही. अशा ठिकाणी आरओला पर्याय नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एक ब्रश मिनिटाला दीड ते दोन लिटर पाणी घेतो. दिवसात चार तास प्रत्यक्ष पाणी चालू राहिलं तर ४०० लिटर धरा. त्याला ४०४० मापाची (४ इंच जाड, ४० इंच लांब) एक मेम्ब्रेन, म्हणजे आरओतली क्षार अडवणारी गाळणी, असलेला, बाजारात ज्याला २५० एलपीएच (तासाला २५० लिटर) प्लांट म्हणतात तो, पुरतो.

जोडणीचा क्रम: कच्च्या पाण्याची टाकी, २० इंची जंबो हाऊसिंगमध्ये ५ मायक्रॉनचा फिल्टर, मग कार्बन, हाय प्रेशर पंप, मेम्ब्रेन, आणि शेवटी मिक्स्ड बेड रेझिनचा डीआय, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या मण्यांची टाकी. कार्बन वगळू नका. क्लोरीन मेम्ब्रेनचा पातळ थर खातो आणि तो थर परत येत नाही. कार्बननंतरच्या पाण्यात ओटीओचे (क्लोरीन ओळखणाऱ्या द्रावणाचे) थेंब टाकून पाहा; पिवळटपणा आला तर कार्बन बदलायची वेळ झाली.

स्वयंपाकघरातला आरओ या कामाला लावू नका. ७५ जीपीडीची (दिवसाला ७५ गॅलनची) मेम्ब्रेन तासाला जेमतेम १२ लिटर देते. शिवाय चवीसाठी त्यात टीडीएस कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिज असतात, म्हणजे काढलेले क्षार पुन्हा पाण्यात घालायची सोय.

रेझिनवाला
बोअरपुरतं मान्य. पण मथळ्यात ‘हवाच का’ विचारलंय, तर मुंबईसाठी माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी धरणाचं आहे. सोसायटीच्या टाकीत बोअर मिसळलेलं नसेल तर टीडीएस शंभराच्या आसपास असतो. तिथे आरओ घेणं म्हणजे पंप, वीज, रिजेक्टची (क्षार घेऊन वाया जाणाऱ्या पाण्याची) पाइप आणि मेम्ब्रेनची निगा उगाच गळ्यात बांधून घेणं.

हिशेब करू. नवं मिक्स्ड बेड रेझिन लिटरमागे साधारण २५ ग्रॅम क्षार धरतं, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. २५ लिटर रेझिनच्या टाकीत ६२५ ग्रॅम. पाण्याचा टीडीएस ८० असेल तर कागदावर ७,८०० लिटर, म्हणजे तुमच्याच ४०० लिटरच्या दराने १९ दिवस. त्यात चारपाच दिवसांची तूट धरा. ना वीज, ना वाया जाणारं पाणी. नळाच्या दाबावर चालतं आणि टाकी टेम्पोत बसते.

आणि ८०० टीडीएसला? ७८० लिटर, दोन दिवसांत रेझिन संपलं. म्हणून सीमारेषा कुठे ते सांगा, सरसकट ‘आरओला पर्याय नाही’ नको. माझ्या मते १५० च्या खाली नुसता डीआय, ३०० च्या वर आरओ. मधल्या पट्ट्यात रोज किती लिटर लागतात त्यावर ठरवावं.

थेंबन्थेंब
दोघांच्याही हिशेबात नाल्यात जाणारं पाणी कुठे आहे? निम्मं पाणी वसूल होतं असं धरलं तरी ४०० लिटर शुद्ध पाण्यामागे ४०० लिटर रिजेक्ट. जिथे लोक उन्हाळ्यात १०,००० लिटरचा टँकर वाटून घेतात, तिथे काचा चमकवायला हे करायचं? २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पिण्याच्या आरओबाबत सांगितलं होतं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तर आरओ नको, आणि जिथे वापराल तिथे ६० टक्क्यांहून जास्त पाणी वसूल करा. काचेला तरी आपण याहून ढिले का राहायचं?

सॉफ्टनर लावा. तेवढं पुरतं.

नितळ
सॉफ्टनरचा मुद्दा चुकीचा आहे आणि तो फार लोकांच्या डोक्यात बसलाय, म्हणून सविस्तर. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. टीडीएस होता तिथेच राहतो. डाग कॅल्शियमचा न पडता सोडियमचा पडतो. ओल्या फडक्याने लवकर निघतो, पण पुसावा लागतोच. चौथ्या मजल्यावर खालून पुसणार कोण? सॉफ्टनरची जागा मेम्ब्रेनच्या आधी आहे. पाणी फार जड असेल तर तिथे लावा, नाहीतर अँटिस्केलंटचा (क्षारांचा थर धरू न देणाऱ्या रसायनाचा) छोटा डोसिंग पंप बसवा.

रिजेक्टबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला पटतं. पण ते कमी करायची एक घातक पद्धत सर्रास दिसते: रिजेक्टचा नीडल व्हॉल्व्ह आवळायचा. आठवडाभर मीटर छान दाखवतो. मग मेम्ब्रेनच्या शेपटाकडे स्केल (क्षारांचा थर) धरतो, उत्पादन घटतं आणि टीडीएस चढत जातो. ४ इंची मेम्ब्रेनमधून रिजेक्टच्या बाजूला तासाला निदान ७०० लिटर पाणी वाहतं राहायला हवं. म्हणून रिजेक्टचा बराचसा भाग पंपाच्या तोंडाशी परत फिरवायचा आणि थोडाच बाहेर सोडायचा. दोन्ही वाटांवर रोटामीटर (प्रवाह मोजणारं मीटर) हवा. तो नसलेला प्लांट विकत घेऊ नका. बाहेर पडलेलं पाणी ८०० चं जवळजवळ १,६०० झालेलं असतं. पार्किंगची फरशी आणि फ्लशची टाकी यांना ते चालतं, कुंड्यांना नको.

१५० आणि ३०० ही सीमा मला मान्य. पहिल्या पोस्टमध्ये ती लिहायला हवी होती.

रेझिनवाला
मग तुमच्या आरओनंतरच्या डीआयचाही हिशेब पाहू. ८०० चं पाणी आरओतून ३५ वर येतं असं धरलं तर कागदावर तेच २५ लिटर रेझिन १७,८०० लिटर पाणी देईल. प्रत्यक्षात निम्म्यावर संपतं आणि मग विक्रेत्याशी भांडण होतं. रेझिन बरेचदा चांगलंच असतं. बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मेम्ब्रेन अडवत नाही, तो सरळ पलीकडे जाऊन मिक्स्ड बेडमधलं अ‍ॅनायन रेझिन खातो. आरओचं पाणी थेट डीआयला न देता आधी टाकीत घ्या, फवाऱ्याने पाडा, मत्स्यालयाचा हवेचा पंप काही तास चालू ठेवा आणि मगच डीआयमधून काढा. झाकणाला बारीक जाळी हवी, नाहीतर धूळ आत जाते.

क्षारपारखी
एक गोष्ट दोघांकडून सुटली: सिलिका. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या बोअरच्या पाण्यात ती असतेच. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, आणि विरघळलेली सिलिका वीज जवळजवळ वाहत नाही. रेझिन संपत आलं की सर्वात आधी सिलिकाच सुटते. मीटर २ दाखवतो आणि काचेवर धुरकट थर बसतो. साचत गेला तर तो घासूनही निघायला अवघड. त्यामुळे बोअरच्या कामात मीटर १० वर जाईपर्यंत रेझिन ताणू नका. शून्यावरून हलून २-३ वर टिकायला लागला की बदला. मोठं काम असेल तर डीआयच्या दोन टाक्या ओळीने लावा. पहिली संपली की दुसरी पुढे आणायची आणि नवी भरलेली मागे.

नुसता डीआय वापरणाऱ्यांना हे जास्त लागू आहे, कारण सिलिकाचा सगळा भार रेझिनवरच पडतो.

थेंबन्थेंब
सॉफ्टनरचं मागे घेतो. रिजेक्टचं नाही. प्लांट बसवण्याआधी फ्लशच्या टाकीपर्यंतची पाइप त्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या, नंतर कुणी टाकत नाही.

क्षारपारखी
बरोबर. आणि प्लांट रात्रभर बंद राहिला की सकाळच्या पहिल्या काही मिनिटांचं पाणी डीआयकडे जाऊ देऊ नका. थांबलेल्या मेम्ब्रेनमधून क्षार पलीकडे झिरपलेले असतात. तिथे तीन तोंडांचा व्हॉल्व्ह बसवून ते पाणी कच्च्या टाकीत परत सोडा. रेझिन वाचतं आणि थेंबन्थेंब म्हणतात ते पाणीही.