डॉल्फिनच्या खेळाला मुलांना नेणं: माझा स्पष्ट विरोध

रेवा_कर्वेनगर
परवा इथे दुबई सहलीचा वृत्तान्त आला. वाळवंट, सोनं, उंच इमारती, सगळं वाचून गप्प बसले. शेवटी डॉल्फिनचा खेळ आला आणि हे वाक्य आलं: ‘पाहताक्षणी कळतं, हे प्राणी किती मजेत आहेत. आपल्याकडे असं काही का काढत नाहीत?’ प्रतिसाद लिहायला घेतला तो इतका वाढला की वेगळा धागा काढते आहे.

आपल्याकडे नाही, कारण १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने राज्यांना कळवलं की डॉल्फिनेरियमला, म्हणजे टाकीत डॉल्फिन ठेवून खेळ दाखवणाऱ्या जागेला, परवानगी द्यायची नाही. तेव्हा केरळात आणि आपल्या महाराष्ट्रातही असे प्रकल्प घाटत होते. त्याआधी नव्वदच्या दशकाच्या शेवटी चेन्नईत बल्गेरियाहून डॉल्फिन आणले होते. काही महिन्यांत मेले.

आणि मजेत कशावरून? जबड्याची ठेवणच तशी आहे. आजारी असो, उपाशी असो, डॉल्फिन तसाच दिसतो. आवाज सोडून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवर जग ओळखणारा प्राणी चार भिंतींच्या टाकीत ठेवायचा, वर स्पीकरवर गाणी लावायची, आणि प्रत्येक उडीनंतर प्रशिक्षकाच्या कमरेच्या पिशवीतला एक मासा. यालाच आपण टाळ्या वाजवतो.

टिलिकम नावाचा ओर्का, म्हणजे डॉल्फिनच्याच कुळातला सर्वांत मोठा प्राणी, १९८३ मध्ये आइसलँडजवळ पकडला, तेव्हा तो दोनेक वर्षांचा होता. पुढे तीन माणसांच्या मृत्यूशी त्याचं नाव जोडलं गेलं. २०१० मध्ये डॉन ब्रँशो ही त्याची अनुभवी प्रशिक्षिका त्याच्याच हल्ल्यात गेली. तरी २०१७ मध्ये मरेपर्यंत तो टाकीतच होता. त्याला ठेवणाऱ्या सीवर्ल्ड या अमेरिकन कंपनीने ओर्कांची पैदास थांबवायला २०१६ उजाडलं, तेही जगभर ओरड झाली तेव्हा.

भटका_सुहास
तो वृत्तान्त माझाच. नाव घेतलं नाहीत म्हणून आभार मानायचे का?

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. दोन्ही गुडघे गेलेत, होडीत चढणं तिला या जन्मी शक्य नाही. लहान मुलासारखी पुढे वाकून बघत होती ती. तिने डॉल्फिन कुठे बघायचा, हेही सांगा.

आणि सोडून दिलं की झालं, असं नसतं. केइको नावाच्या टाकीतल्या ओर्काला २००२ मध्ये समुद्रात सोडलं. तो रानातल्या कळपात कधीच मिसळला नाही, माणसं शोधत नॉर्वेच्या किनाऱ्याला गेला आणि २००३ च्या डिसेंबरात न्यूमोनियाने मेला. अमेरिकेतल्या चांगल्या ठिकाणी बॉटलनोज जातीचे डॉल्फिन आता जवळपास रानातल्याइतकेच जगतात, हेही लिहायचं होतं. तुम्ही सोयीचं तेवढं लिहिलंत.

रेवा_कर्वेनगर
आईंबद्दल एक अक्षर वावगं बोलणार नाही. पण केइको मुळात दोन वर्षांचा असताना पकडला गेला म्हणून त्याला कळप उरला नाही. ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे. आणि सगळेच काही टाकीत जन्मलेले नसतात. जपानच्या ताइजीत होड्यांनी कळप हाकत खाडीत कोंडतात, त्यातले तरुण, देखणे निवडून विकतात, बाकीचे मारतात. तिकिटाच्या पैशाला हा वास आहे.

लालबागचा_नंदू
दुबईपर्यंत कशाला जाता? आमच्या मुंबईच्या राणीबागेत, प्राणिसंग्रहालयात या. २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, त्यातला एक दोन-तीन महिन्यांतच मेला. आणि पाच रुपयांचं तिकीट पन्नासवर गेलं. आम्ही चाळीतली पोरं रविवारी तिथे झाडाखाली डबा खायचो. आता चौघांचं घर शंभर रुपये मोजतं, ते कुणासाठी?

भटका_सुहास
तिकिटाचा इथे संबंध काय? शिवाय हम्बोल्ट हा बर्फातला पक्षी नव्हे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा आहे. राणीबागेत त्यांची पिल्लंही झाली.

देवबागकर
आमची जाळी फाटतत तेवा तुमी खंय असतास?

दोन दिवस वाचतोय, म्हणून लिहितो. पुण्यात बसून डॉल्फिन गोजिरवाणा वाटतो. पहाटे जाळं ओढलं की बांगड्याची नुसती मुंडकी अडकलेली असतात, धड डॉल्फिनने ओढून नेलेलं. मधे भोकं अशी, की माझं डोकं जाईल. मग दुपारभर माडाखाली बसून जाळं तुणायचं, त्या दिवसाचं डिझेल गेलंच. आधीच पर्ससीनची मोठी घेरणारी जाळी टाकणारे आणि मासे ओढायला रात्री एलईडी दिवे लावणारे समुद्र खरवडून नेतात. उरलंसुरलं डॉल्फिनचं. त्याच्या हक्कावर धागे निघतात, किनाऱ्यावरून हाताने जाळं ओढणाऱ्या रापणकाराच्या हक्कावर एक तरी निघाला का?

रेवा_कर्वेनगर
तुमचं नुकसान खरं आहे. पण तुमच्या मालवणजवळच्या देवबाग-तारकर्लीला डॉल्फिन बघायला आम्हीही येतो. एक पाठ वर आली की पाच-सहा होड्या चारी बाजूंनी सुटतात. पिल्लू बरोबर असलं तरी इंजिनं चालूच. हे समुद्रातलं डॉल्फिनेरियम नाही का?

देवबागकर
तोंड सांभाळून. त्याच फेऱ्यांवर माझ्या भावाच्या पोरीचं नर्सिंग चाललंय. दुबईवाल्यासारखा मी त्याला कोंडला नाही. त्याला वाटलं तर येतो, नाही वाटलं तर पर्यटक शिव्या देतात आणि पैसे परत मागतात, ते मी सोसतो.

कांदळवन_मित्र
देवबागकर, राज्य सरकारची योजना आहे. संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून सोडला तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. डॉल्फिन, समुद्री कासव, देवमुशी (व्हेल शार्क) मासा सगळे त्यात येतात. फोटो काढून अर्ज करायचा.

देवबागकर
ती कापलेल्या जाळ्याची. चावलेल्या जाळ्याची कुठे आहे? कासव अडकलं तेव्हा आम्ही कापलंय आणि सोडलंय, योजना नव्हती तेव्हाही. डॉल्फिन भोक पाडून निघून जातो, त्याचा फोटो कसा काढू?

कांदळवन_मित्र
मुद्दा बरोबर आहे. चावलेलं जाळं त्यात बसत नाही.

क्षारपाणी
जाळ्यावरच इतके प्रतिसाद झाले, म्हणून मूळ विषयावर एक सांगतो. मी उमेदीची काही वर्षं एका मत्स्यालयात पाणी बदलायला होतो. नाव लिहीत नाही. तिथे एक समुद्री कासव होतं. काचेला धरून एकाच दिशेने पोहायचं, कोपरा आला की नाक आपटायचं, वळायचं, पुन्हा तेच. नाकाची कड घासून पांढरी पडली होती. लोक म्हणायचे, बघ, आपल्याकडे येतंय. मुलं काचेला हात लावायची आणि खरंच खूश व्हायची. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, खातंय ना? मग झालं. खात होतं, हे खरं आहे.

भटका_सुहास
रेवाताई, तुमच्या टिलिकमने माझ्यावर काही परिणाम झाला नाही, ते आधीच ठाऊक होतं. वरचा कासवाचा प्रतिसाद मात्र आईला वाचून दाखवला. पुढच्या वेळी तिकीट काढणार नाही. पण काढणाऱ्याला क्रूर म्हणायचा अधिकार तुम्हाला अजूनही देत नाही.

रेवा_कर्वेनगर
क्रूर म्हटलेलं दाखवा. तिकीट नाही काढलं तर माझं भांडण मिटलं.
देवबागकर, चावलेल्या जाळ्याच्या भरपाईचा अर्ज लिहा, सही करते आणि इथल्या पन्नास जणांच्या मिळवते. इंजिनाचं मात्र तुम्ही टाळलंत.

देवबागकर
टाळलं नाही. कळप दिसला की माझं इंजिन बंद असतं, येऊन बघा. शेजारच्याचं बंद करायला मी कोण? परवाना देणाऱ्यांना विचारा, एका कळपामागे किती होड्या चालतील ते. आम्ही विचारलं, तर लेखी काहीच नाही म्हणाले. अर्ज मी लिहितो. त्यात ही ओळ तुम्ही घाला, तुमचं लिहिणं बरं आहे.