आय५-१३४००एफ की रायझन ५ ७६००? प्रत्येक बेंचमार्क वेगळंच सांगतोय

फेरे_फ्रेम्स (इंदूर)
नमस्कार मंडळी, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, नवीन पीसी घ्यायचाय. सिल्वर मॉलमधे एक दुकानवाला म्हणतो इंटेलचा आय५-१३४००एफ प्रोसेसर घ्या, शेजारचा म्हणतो एएमडीच्या रायझन ५ ७६०० शिवाय काही बघूच नका, आणि दोघंही मोबाइलवर आपापला बेंचमार्कचा (वेग मोजणाऱ्या टेस्टचा) ग्राफ दाखवतायत. घरी येऊन बघितलं तर सिनेबेंच आर२३ या टेस्टच्या मल्टीकोअरमधे (प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे काम करणारे भाग, एकत्र) इंटेल पुढे, सिंगल कोअरमधे (एकच कोअर) रायझन, गेममधेही रायझन. मग धरायचं कोणाचं? फुटेज सोनीचं ४के, काम प्रीमियर प्रो मधे. लग्नसराईच्या आधी मशीन हवंय.

जुनी_इंदूर_रेंडर
दोन्ही ग्राफ खरे आहेत भिया, फक्त दोघांत काम वेगळं मोजलंय. सिनेबेंच एका चित्राचे तुकडे करून सगळ्या कोअरना वाटून देतं, १३४०० मधे ६ मोठे अन् ४ छोटे कोअर, १६ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), ७६०० मधे ६ कोअर १२ थ्रेड, म्हणून तिथे इंटेल पुढे जातो. गेमची टेस्ट मुद्दाम १०८०पी वर अन् सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्ड लावून करतात, म्हणजे कार्ड आड येत नाही आणि प्रोसेसरमधला फरक उघडा पडतो. साध्या कार्डावर तेवढा फरक दिसेलच असं नाही. २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बघा, सिनेबेंचमधे साध्या ५८००एक्सच्या मागे, आणि गेममधे ९६ एमबी कॅशच्या (चिपमधल्या जलद मेमरीच्या) जोरावर चांगलाच पुढे. आणि गीकबेंच या दुसऱ्या टेस्टच्या आवृत्ती ५ अन् ६ चे आकडे शेजारी ठेवू नका, ६ मधे मल्टीकोअर मोजायची पद्धतच बदललीय.

टाइमलाइन_ताई
एडिटिंगवाल्याला सिनेबेंच कशाला दाखवतात हेच मला कळत नाही, राग येतो. तुमचं काम अडतं ते टाइमलाइनवर क्लिप ओढताना, आणि ते डीकोडिंगवर (दाबलेली व्हिडिओ फाइल उलगडण्यावर) अवलंबून आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत बघा, फाइल फॉरमॅट एक्सएव्हीसी एचएस आहे की एक्सएव्हीसी एस, आणि ४:२:२ १०-बिट (रंगाची जास्त माहिती ठेवणारा प्रकार) आहे का. एचएस म्हणजे एच.२६५ पद्धतीने दाबलेला व्हिडिओ, ते ४:२:२ १०-बिट असेल तर इंटेलचं क्विक सिंक (व्हिडिओ उलगडणारा चिपमधला खास भाग) ते हार्डवेअरवर उचलतं, पण क्विक सिंक आतल्या ग्राफिक्समधे असतं आणि नावात एफ असलेल्या चिपमधे ते ग्राफिक्सच नाही!! रायझन ७६०० ला छोटं ग्राफिक्स आहे पण ४:२:२ हार्डवेअरवर होत नाही. आणि फाइल एक्सएव्हीसी एस ४:२:२ १०-बिट, म्हणजे एच.२६४ निघाली तर १३४०० चं क्विक सिंकही कामाचं नाही, मग एनव्हिडियाचं आरटीएक्स ५० सिरीजचं ग्राफिक्स कार्ड बघा किंवा प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी) करा. बघितलेल्या बेंचमार्कपैकी एकातही हे दिसणार नाही.

विजयनगर_बिल्डर
ताईंचं एकदम बरोबर. माझी भर एवढीच की टेस्ट किती वेळ चालवली तेही बघा. आर२३ मूळ सेटिंगमधे निदान १० मिनिटं चालतं, पुष्कळ जण एकच फेरी मारून स्क्रीनशॉट टाकतात. १३४०० ची बेस पॉवर ६५ वॅट, टर्बोत (जास्त वेगात चालताना) १४८ पर्यंत जाते. मे महिन्यात आपल्याकडे विनाएसीच्या खोलीत, चिपसोबत डब्यात येणाऱ्या कूलरवर दोन तासांचं एक्सपोर्ट लावलं की पहिल्या मिनिटाचा आकडा टिकेलच असं नाही. आणि कंपनीने स्वतः छापलेल्या आकड्यांवर जाऊ नका, २०२४ मधे स्पेक या बेंचमार्क बनवणाऱ्या संस्थेने आपल्या सीपीयू २०१७ टेस्टचे २६०० वर निकाल बाद धरले, कारण इंटेलच्या कंपायलरने (प्रोग्राम चिपवर चालण्याजोगा करणाऱ्या सॉफ्टवेअरने) त्यातल्या एका टेस्टसाठी खास सोय करून ठेवली होती.

फेरे_फ्रेम्स
मेनू बघितला, एक्सएव्हीसी एचएस, ४:२:२ १०-बिट. म्हणजे एफ नसलेला १३४०० सांगतो. दुकानवाला म्हणतोय डीडीआर४ (जुन्या पिढीची मेमरी) लावून देतो, स्वस्त पडेल, चालेल?

विजयनगर_बिल्डर
१३४०० ला डीडीआर४ अन् डीडीआर५ दोन्ही चालतं, मदरबोर्ड कुठला त्यावर आहे (७६०० ला फक्त डीडीआर५). पण ग्राफखाली बारीक अक्षरात मेमरी लिहिलेली असते ती वाचा, डीडीआर५ वरचा आकडा दाखवून डीडीआर४ विकत असेल तर तो आकडा तुमच्या मशीनचा नाही. मी ३२ जीबी डीडीआर५ घेईन. आणि वेगळं कार्ड लावलं तर बायोसमधे (मदरबोर्डच्या सेटिंगमधे) आतलं ग्राफिक्स चालू ठेवायला सांगा, पुष्कळ बोर्डांवर ते आपोआप बंद होतं.