‘संशयकल्लोळ’मधील फाल्गुनराव आणि कृत्तिका केवळ हशासाठी आहेत काय?

रंगवाचक, फोंडा:
आमच्या गावच्या जत्रेत यंदा गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ करावयाचे ठरले असून कृत्तिकेची भूमिका माझ्याकडे आली आहे. तालमीत सर्वांचा भर हशा मिळवण्यावर आहे. मला मात्र संहिता वाचताना या जोडप्याच्या मनातील असुरक्षितता आणि मत्सर प्रकर्षाने जाणवतो. देवलांनी तो कोणत्या नाट्यतंत्रांनी व्यक्त केला आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नाट्यप्रेमी, मडगाव:
आपल्याला जाणवले ते योग्यच आहे. अश्विनशेटची प्रेयसी रेवती हिला घेरी येते आणि फाल्गुनराव तिला सावरतो, तेवढेच त्याची बायको कृत्तिका पाहते. पुढे रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेच्या हाती पडते आणि ती न्याहाळत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. दोघांनाही अर्धेच दिसते, प्रेक्षकाला मात्र सगळे ठाऊक असते. या नाट्यात्मक उपरोधातून हशा पिकतो हे खरे, पण वाईटावर विश्वास ठेवायला ही माणसे किती उतावीळ आहेत, हेही त्यातूनच उघडे पडते. शिवाय तसबिरीतला पुरुष देखणा आहे. त्यामुळे फाल्गुनरावाला बायको दुरावण्याइतकेच त्या चेहऱ्यापुढे आपण फिके ठरण्याचे भय वाटते, असे माझे मत आहे.

जुना रसिक, पेडणे:
तसबिरीला इतके श्रेय देणे मला पटत नाही. देवलांनीच ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ लिहिले होते, त्याच्याशी तुलना करून पाहावी. शेक्सपिअरच्या नाटकात बायकोचा रुमाल तिच्याविरुद्ध पुरावा ठरतो, कारण खलपुरुष इयागो तो हेतुपूर्वक योग्य जागी पोहोचवतो आणि नवऱ्याच्या मनात विष कालवतो. येथे असा कोणी कपटी नाहीच. रेवतीला घेरी येणे आणि तसबीर सापडणे हे निव्वळ योगायोग आहेत. खलपुरुष नसतानाही संशय वाढतो, याचा अर्थ तो आधीपासूनच घरात मुरलेला होता. म्हणूनच दोघेही समोरच्याचा खुलासा ऐकण्याआधी आरोप करून मोकळे होतात. नवऱ्याचा आणि बायकोचा संशय देवलांनी समांतर चालवला आहे, ही रचना मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. एकट्या नवऱ्याला संशयी दाखवले असते, तर ती एका माणसाची खोड ठरली असती.

रंगवाचक, फोंडा:
दोघांचीही मनःपूर्वक आभारी आहे. तसबीर पाहताना कृत्तिकेने कौतुक दाखवावे की नवऱ्यावरचा राग?

जुना रसिक, पेडणे:
कौतुकच, आणि तेही निरागस. तेथे राग आणलात, तर फाल्गुनरावाचा गैरसमज प्रेक्षकांना सकारण वाटू लागेल.