शब्दचर्चा : सिनेमा 'संथ' की 'शांत'?

वाळवण : ली रुईजुनच्या 'रिटर्न टू डस्ट' या २०२२ सालच्या चिनी सिनेमावर लिहिते आहे. गान्सू प्रांतातलं खेडं, घरच्यांना नकोसे झालेले दोघं, त्यांचं जुळवून दिलेलं लग्न, एक गाढव. चिनी नावाचा अर्थ धुळीधुरात विरून जाणं. बर्लिनला स्पर्धेत होता. परीक्षणांत जो तो त्याच्या शांतपणाबद्दल बोलतो, म्हणून मी 'संथ' लिहिलं. मैत्रीण म्हणाली, ही तर तू नावं ठेवलीस! आमच्या कृष्णाकाठी संथ म्हणजे कौतुक. बरोबर कोणाचं?

कोरडवाहू : मैत्रिणीचं. नदी संथ म्हटली की डोळे निवतात, सिनेमा संथ म्हटला की लोक घरी बसतात. 'अबोल' लिहा.

तिठा : अबोल कुठे? तो तिच्याशी बोलतो, गाढवाशी बोलतो. आणि सिनेमाभोवती शांतता नव्हतीच. जुलैत चीनमध्ये लागला, १० कोटी युआनच्या वर कमाई झाली. परदेशी लोकांना आपली गरिबी विकली, असा काहींनी गिल्ला केला. सप्टेंबरअखेर तिथल्या संकेतस्थळांवरून तो गायब. 'संथ'मध्ये हे काहीच येत नाही.

जुनी वही : 'संथ' आणि वेदपाठशाळेतली 'संथा' एकाच मुळातले असावेत. संथाही सावकाशच देतात.

तिठा : उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही.

वाळवण : आणखी एक अडलंय. तो तिच्या हातावर गव्हाचे दाणे दाबून फूल उमटवतो. 'गोंदण' चालेल?

जुनी वही : नाही! माझी आजी म्हणायची, गोंदण तेवढं मेल्यावर सोबत येतं. हे फूल थोड्या वेळात जातं. त्या प्रसंगात जीव कालवतो तो त्यामुळेच.

कोरडवाहू : मग 'वळ'?

जुनी वही : वळ माराचे असतात. नाम सापडत नसेल तर क्रियापदावर भागवा. 'फूल उमटवलं' पुरे आहे.

कोरडवाहू : बरं, पण 'कच्च्या विटा' लिहू नका. रात्री पावसात त्या झाकताना दोघं चिखलात घसरतात आणि हसत सुटतात, तो प्रसंग बघताना मला आजोळच आठवलं. सोलापूरकडे आम्ही त्यांना भेंडे म्हणतो.

तिठा : पुण्यातला वाचक भेंडीची भाजी समजेल.

कोरडवाहू : म्हणून आम्ही आमचा शब्द सोडायचा?

जुनी वही : पण ती दोघं साच्यात पाडतात ना? साच्यातल्यालाही भेंडाच म्हणतात का तुमच्याकडे?