ती बारीक रेघ फुकट गेली नाही

रेडिओवरून कॅसेटवर टेप केलेलं एक गाणं नेमकं कुणाचं, याचा शोध इंटरनेटवर कित्येक वर्षं चालला होता. ‘इतकी वर्षं त्या रेकॉर्डिंगची तांत्रिक चिरफाड करून काय मिळालं, शेवटी जुन्या वर्तमानपत्रातच सापडलं ना,’ असं त्यावर काही जण म्हणतात. ‘सबवेज ऑफ युवर माइंड’ हे ते गाणं जर्मनीतल्या कील शहरातल्या फेक्स बँडचं आहे हे नोव्हेंबर २०२४मध्ये कळलं, ते जुन्या बातमीवरून माग काढूनच. मान्य. पण चिरफाड वाया गेली हे मला अजिबात पटत नाही.

त्या कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी कुठली कंपनसंख्या किती जोरात वाजते याचं चित्र, काढून बघा; ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सहज निघतं. १० किलोहर्ट्झपाशी एक बारीक आडवी रेघ आहे. ड्रम घुमो की गायक थांबो, ती जागची हलत नाही. म्हणजे ती वाद्यांची नव्हेच. एनडीआर या उत्तर जर्मनीतल्या रेडिओवरून टेप केलेल्या त्या काळातल्या दुसऱ्या गाण्यांतही तीच रेघ मिळाली आणि ‘स्टेशन दुसरंच असेल’ म्हणणाऱ्यांचा जोर ओसरला. स्टेशनबद्दल खात्री नसती, तर एनडीआरच्याच ‘ह्योरफेस्ट’ या संगीत स्पर्धेत १९८४ साली उतरलेल्या बँडांच्या बातम्या कोण कशाला चाळत बसलं असतं?

म्हणून एक कळकळीची विनंती. घरात रेडिओवरून टेप केलेल्या जुन्या कॅसेट असतील आणि त्या उतरवून घेणार असाल, तर मूळ फाइलवर नॉइज रिडक्शन (खरखर पुसणारी प्रक्रिया) मारू नका. निवेदकाचं अर्धवट वाक्य, स्टेशनची खरखर, सगळं राहू द्या. साफ केलेली प्रत हवी तर वेगळी ठेवा.