स्टेशनरीच्या दुकानात ट्रेडिंग कार्डं ठेवावीत का? बजेट १५ हजार, इंदिरानगर, नाशिक

इंदिरानगर_वह्यापुस्तके
नमस्कार मंडळी. आमचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, जवळ दोन शाळा. जून-जुलैत वह्या-कव्हरांवर गल्ला भरतो, नंतर दिवाळीपर्यंत झेरॉक्सवर भागवावं लागतं. वर्षभर रोज चार-पाच मुलं विचारतात, "काका, पोकेमॉन कार्डं आहेत का?" मुलं जमवून अदलाबदल करतात ती ही चित्रांची ट्रेडिंग कार्डं जोडधंदा म्हणून ठेवायचा विचार आहे. १५ हजारांच्या वर एक रुपया घालणार नाही, मे महिन्यात वह्यांचा माल भरायचा असतो. कोणती कार्डं घ्यावीत, माल कुठून आणावा, आणि मुलांच्या हाताळण्यातून तो सांभाळायचा कसा? ज्यांनी स्वतः विकली आहेत त्यांनी कृपया लिहा.

बूस्टर_नाशिकरोड
दादा, १५ हजारांत काही होत नाही. लाखभर तरी घाला. पोकेमॉनच्या इंग्रजी छपाईच्या बॉक्समध्ये ३६ बंद पाकिटं, प्रत्येकात १० कार्डं. एकच बॉक्स फोडून ठेवलात आणि कुणाला चारिझार्डसारखं भारी कार्ड निघालं की बाकीची मुलं म्हणणार, आता यात काही उरलं नाही. मी एकदम चार बॉक्स लावतो. दिवाळीच्या सुट्टीत एका मुलाला चांगलं कार्ड निघालं, तो पुढचे तीन रविवार मित्रांना घेऊन आला. जपानी बॉक्सही ठेवा, पाकिटात बहुतेक ५च कार्डं असतात, पण छपाई बघाल तर इंग्रजी विसराल.

मेनरोड_जनरल
लाख घालायच्या आधी माझं ऐका. मुंबईतल्या एका घाऊक दुकानातून मी सोनेरी कार्डांचे डबे आणले, एका डब्यात ५५. स्वस्त होते, आठवड्यात संपले. मग एक वडील डबा घेऊन परत आले. त्यांच्याकडचं खरं कार्ड आणि माझं कार्ड दोन्ही काउंटरवर ठेवून मोबाइलचा टॉर्च लावला. माझ्या कार्डातून उजेड आरपार! खऱ्या कार्डात दोन कागदांच्या मध्ये गडद थर असतो, तो उजेड अडवतो. पाठीमागचा निळा रंगही माझ्याकडचा फिका, आणि पोकेमॉनच्या इंग्रजी नावातल्या ई वरची तिरकी रेघच गायब. गिऱ्हाइकाला पैसे परत दिले, पण बारा वर्षांचं नातं गेलं ते गेलंच. डबे अजून माळ्यावर आहेत, विकवत नाहीत.

कॉलेजरोड_कलेक्टर
टॉर्चवर पूर्ण विसंबू नका काका. आता मधला थर असलेली नकली कार्डंही मी पाहिली आहेत. अक्षरांची जाडी आणि कागदाचा पोत खऱ्या कार्डाशेजारी ठेवूनच बघावा लागतो. माझ्याकडे ग्रेडिंग करून, म्हणजे कंपनीकडून तपासून गुण लावून आणलेली तीन कार्डं आहेत, त्यातलं एक पीएसए १०, म्हणजे पीएसए कंपनीचे सर्वात वरचे गुण.

मेनरोड_जनरल
मी म्हणतो टॉर्चने कळतं. मला कळलं ना!

सिडको_क्रिकेटप्रेमी
पोकेमॉन कशाला, आपल्या मुलांना क्रिकेट द्या. आम्ही बिग फनच्या बबलगमवर रन आणि विकेट जमवायचो. नंतर कुस्तीवाल्यांची ट्रम्प कार्डं आली, चेस्ट किती, बायसेप्स किती, त्यावर पूर्ण दुपार जायची. टॉप्स कंपनीची क्रिकेट कार्डं ठेवा.

बूस्टर_नाशिकरोड
क्रिकेटचा माल हंगामाबरोबर शिळा होतो. खेळाडूने संघ बदलला की जुन्या जर्सीतलं कार्ड मुलं हातात घेत नाहीत. पिकाचू संघ बदलत नाही.

सिडको_क्रिकेटप्रेमी
धोनीचं कार्ड कधी शिळं होतं का?

गंगापूररोड_आई
पालक म्हणून लिहिते, रागावू नका. बंद पाकिटात काय निघेल हे माहीत नसतं आणि मूल पुन्हा पुन्हा पैसे मागतं. माझ्या मुलाने वाढदिवसाचे सगळे पैसे दोन दिवसांत पाकिटांवर घालवले आणि शेवटी रडत बसला. शाळेत अदलाबदलीवरून भांडणं झाली, बाईंनी कार्डं आणायला बंदी केली. शाळेजवळच्या दुकानदाराने हे विकू नये असं मला मनापासून वाटतं. विकायचंच असेल तर सुटी कार्डं विका, मुलाला काय मिळतंय ते डोळ्यांना दिसतं.

पंचवटी_काठावरून
भाऊ, २०२७ ला सिंहस्थ आहे. तांब्याचे गडू, पूजासाहित्य, पाण्याच्या बाटल्या ठेवा. कार्डांचं काय घेऊन बसलात!

मेनरोड_जनरल
इंदिरानगरात गडू कोण घेणार? रामकुंडावर दुकान असेल त्याला हा सल्ला द्या.

सातपूर_हिशेब
माल कुणाकडूनही घ्या, आधी पाकिटावरचं लेबल वाचा. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशातला माल, महिना-वर्ष आणि सर्व करांसह एमआरपी छापलेली किंवा चिकटवलेली हवी, पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत हे स्पष्ट आहे. कुणाच्या बॅगेतून परदेशातून आलेल्या पाकिटावर यातलं काही नसतं, आणि तपासणीत उत्तर द्यायची वेळ विकणाऱ्यावर येते. पक्कं बिल घ्या. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तो कर धरूनच नफा काढा. नाहीतर कागदावर दिसणारा नफा हातात कमीच येतो.

बूस्टर_नाशिकरोड
सातपूरकरांशी सहमत, बिल हवंच. सांभाळण्याबद्दल: पाकिटं काउंटरच्या आत टांगा. मुलं दाबून, वाकवून बघतात. माझ्याकडे एक जण सोनाराचा छोटा वजनकाटा घेऊन आला होता, जड पाकिटात चमकीचं कार्ड असतं म्हणे. मी हाकलला. पावसाळ्यात चमकीची कार्डं दमटपणाने वळतात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. पश्चिमेचं ऊन येत असेल तर काचेत लावूच नका, रंग उडतो. आणि पुन्हा सांगतो, लाख घाला.

कॉलेजरोड_कलेक्टर
माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पाकिटं ऑनलाइनही मिळतात. पण नाशकात स्लीव्ह, म्हणजे एकेका कार्डाची पारदर्शक प्लास्टिकची खोळ, शोधायला मी दोन शनिवार फिरलो, एकाने लग्नपत्रिकेची प्लास्टिक पिशवी दिली! पोकेमॉनचं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटर, त्याला ६६ बाय ९१ ची स्लीव्ह लागते. यू-गी-ओह या दुसऱ्या कार्डखेळाचं ५९ बाय ८६, त्याला ६२ बाय ८९. मोठ्या स्लीव्हमध्ये छोटं कार्ड हलतं आणि कोपरे मार खातात. नऊ कप्प्यांची पानं असलेली फाइल मिळाली ती पीव्हीसीची, वर्षभरात कार्डं तिला चिकटली.

इंदिरानगर_वह्यापुस्तके
पीव्हीसीच्या फाइलमध्ये झेरॉक्स ठेवली की अक्षरं प्लास्टिकवर उमटतात, हे मी रोज बघतो. म्हणून प्रोजेक्टवाल्यांना मी पॉलिप्रॉपिलिनचीच फोल्डर देतो. कार्डांनाही तीच चालतील ना?

कॉलेजरोड_कलेक्टर
तीच लागतात! फक्त रिंग डी आकाराची बघा, गोल रिंगेवर आतल्या रांगेतल्या कार्डांना खड्डा पडतो.

गंगापूररोड_आई
कृपया बंद पाकिटं नको. पुन्हा एकदा सांगते.

इंदिरानगर_वह्यापुस्तके
सगळ्यांचे आभार, तीन वेळा वाचलं. कार्डं ठेवत नाही. पाकिटंही नाही, सुटीही नाही. असली-नकली ओळखण्याइतकी माझी नजर नाही, आणि मेनरोडकाकांसारखं एखादं घर तुटलं तर इंदिरानगरात चार घरं तुटतात. स्लीव्ह, नऊ कप्प्यांच्या फाइल आणि एकेक कार्ड ठेवायची कडक प्लास्टिकची टॉपलोडर ठेवतो. हे माझ्या हातातलं सामान आहे, खराब होत नाही, नकली निघत नाही. पहिली खरेदी सहा हजारांची. मंगळवारी पंचवटी एक्सप्रेसने क्रॉफर्ड मार्केटला जातोय.

बूस्टर_नाशिकरोड
चूक करताय दादा. पाकीट नसेल तर मूल दुकानात शिरणारच नाही, स्लीव्ह कोण घेणार?

सिडको_क्रिकेटप्रेमी
निदान क्रिकेटचा एक डबा तरी ठेवा.

कॉलेजरोड_कलेक्टर
मी घेणार! ६२ बाय ८९ विसरू नका, सगळे फक्त मोठं माप आणतात. शंभर स्लीव्हची दोन पाकिटं माझ्या नावाने बाजूला ठेवा. बुधवारी संध्याकाळी दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?

इंदिरानगर_वह्यापुस्तके
साडेनऊपर्यंत. या.